सुरमई आणि इसवण: मासा एक, नावं दोन

प्रश्न असा आहे: माहेरी मुंबईत सुरमई म्हणतात, सासरी मालवणात इसवण. हे दोन मासे का? आणि सुरमईचा डोळ्यांत घालायच्या सुरम्याशी काही संबंध आहे का?

ताई, मासा एकच. गोव्यातही इसवणच म्हणतात, कुठे विसवण. आरंभीचा 'वि' झिजून 'इ' होणं कोकणात नेहमीचंच: विस्तवाचा इस्तव होतो, विळ्याचा इळा. कर्नाटक किनाऱ्यावर हाच अंजल आणि तमिळनाडूत वंजरम. इंग्रजीतलं 'सीर फिश' हे पोर्तुगीज 'सेर्रा'वरून आलं. सेर्रा म्हणजे करवत. त्याचे बारीक, धारदार दात एकदा पाहिलेत की हे नाव लगेच पटतं.

आता सुरमा. शब्द फारसी, त्यावरून 'सुरमई' हे रंगाचं विशेषण. हिंदी-उर्दूत संध्याकाळच्या आभाळालाही सुरमई म्हणतात. मला हीच व्युत्पत्ती सर्वांत पटते, आणि ती पटली बाजारात. कोळणीच्या पाटीत ताजी सुरमई आडवी असते, तेव्हा तिची पाठ काळी नसते, निळीही नसते. ओल्या पाठीवर उजेड पडला की सुरम्याच्या पुडीला असते तशी राखी-निळी चमक दिसते, आणि खाली पोटाकडे ती चांदीत विरते. ज्याने हे नाव ठेवलं त्याची नजर फार चांगली होती!

त्याच वेळी कुशीही बघा. आडव्या माशावर उभ्या, नागमोडी रेघा असतील तर ती मोठी होणारी जात. ठिपके असतील तर तिची धाकटी बहीण. दोन्ही उबदार समुद्रातल्या, दोन्हींना बाजारात सुरमईच म्हणतात. नुसत्या तुकड्या घेताना मात्र मांस बघा: सुरमईचं फिकट असतं, गडद तांबडं दिसलं तर तो कुपा, म्हणजे ट्यूना. मधला काटा सोडला तर बारीक काटे फार नाहीत, म्हणून मुलांच्या ताटातही बिनधास्त वाढता येते. मीठ, हळद, तिखट, आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून रव्यात घोळवायची. सुरमईला याहून जास्त मसाला मला रुचत नाही.

जाता जाता अनेकवचन. सुई–सुया, तशा सुरमई–सुरमया. बोलताना 'दोन सुरमई द्या' असंच तोंडी येतं आणि ते चूक नाही, पण लिहिताना मी 'सुरमया'च लिहितो.