वाचकांचे प्रश्न : पडद्यावर नेमकं चाललंय काय?

प्रश्न : कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही काउंटर-स्ट्राइक २ ची (एक संघ बॉम्ब लावतो, दुसरा त्याला रोखतो, असा बंदुकांचा व्हिडिओ गेम) स्पर्धा मोठ्या पडद्यावर दाखवतो. खेळणारी मुलं रंगून जातात, बाकीचे दहा मिनिटांत उठतात. काय चुकतं?

उत्तर : बंदुकांची नावं नाही कळली तरी अडत नाही. दोन्हीकडे किती जण उरले, बॉम्ब कुठे आहे आणि किती सेकंद राहिले, एवढं समजलं की माणूस खुर्ची सोडत नाही. बॉम्ब लावल्यापासून ४० सेकंदांत फुटतो. तो निकामी करायला १० सेकंद लागतात, किट (बॉम्ब निकामी करायचं साहित्य) असेल तर ५. समजा, ७ सेकंद उरलेत. बॉम्बपाशी पोचलेल्याकडे किट असेल तर राउंड जिवंत आहे. नसेल तर त्याने पुढच्या राउंडसाठी बंदूक वाचवून पळावं हेच शहाणपण. पण बॉम्ब लागला की गेममधलं घड्याळच गायब होतं, तिथे नुसतं बॉम्बचं चिन्ह उरतं. म्हणून समालोचकाच्या हातात स्टॉपवॉच द्या आणि किट कोणाकडे आहे हे त्याने लगेच सांगावं. मग सगळा हॉल त्या एका खेळाडूकडे बघतो.

दुसरी चूक कॅमेऱ्याची. ऑब्झर्व्हर, म्हणजे पडद्यावर कोणता खेळाडू दाखवायचा हे ठरवणारा, कोपऱ्यातली मेलेल्यांची यादी बघून उड्या मारतो आणि दर वेळी चकमक संपल्यावर पोचतो. त्याने नकाशा वाचायला हवा. एक्स-रे चालू ठेवला की भिंतीपलीकडचे खेळाडूही दिसतात; दोघे समोरासमोर येणार असं वाटलं की तीन-चार सेकंद आधीच त्यातल्या एकाच्या नजरेत जाऊन थांबायचं. कीबोर्डवरच्या आकड्यांनी थेट हव्या त्या खेळाडूवर जाता येतं, ते क्रम पाठ हवेत.

आणखी एक घोळ हमखास होतो. १२ राउंड झाले की बाजू बदलतात, म्हणजे आतापर्यंत बॉम्ब रोखणारा निळा संघ आता बॉम्ब लावणारा पिवळा होतो. नवखा प्रेक्षक इथेच हरवतो. रंगाच्या भरवशावर राहू नका, संघांची नावं ठळक लावा.

प्रश्न : खेळाडू पडद्याकडे चोरून बघतात म्हणून आम्ही प्रक्षेपण ९० सेकंद उशिरा दाखवलं. पण मंचावरच्या आरडाओरड्यावरून निकाल आधीच कळला!

उत्तर : कळणारच. एकाच हॉलमध्ये उशीर लावण्यात अर्थ नाही, तो यूट्यूबवरच्या प्रक्षेपणासाठी ठेवा. खेळाडूंची तोंडं प्रेक्षकांकडे करून पडदा त्यांच्या पाठीमागे टांगा. राहिला आवाज. एक्स-रेमुळे भिंतीआडचा शत्रू प्रेक्षकांना दिसतो, कोणी तिकडे नेम वळवला की हॉल ओरडतो, आणि त्या ओरडण्यातूनच खेळाडूला सुगावा लागतो. मोठ्या स्पर्धांत गेमचा आवाज कानातल्या इअरफोनवर देतात आणि त्यावर बाहेरचा गोंगाट अडवणारा हेडसेट चढवतात. तुम्हीही तेच करा. समालोचनाचे स्पीकर मात्र मंचाकडे तोंड करून ठेवू नका.

प्रश्न : बीजीएमआयमध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, शेवटपर्यंत टिकून राहायचा मोबाइल गेम) १६ संघ, ६४ खेळाडू. दाखवायचं कोणाला?

उत्तर : सगळ्यांना दाखवायचा हट्ट सोडा. सुरुवातीला नकाशा आणि झोन (आकसत जाणारा सुरक्षित भाग) पुरे. ऑब्झर्व्हर किमान दोन हवेत: एकाची चकमक पडद्यावर असताना दुसऱ्याने पुढची शोधायची. कडेला प्रत्येक संघाचे किती जण जिवंत आहेत त्याची यादी कायम ठेवा. एखादी लढत निसटलीच, तर पुढच्या शांत मिनिटात रिप्ले दाखवा.