जुन्या गाडीचा डिस्क ब्रेक ब्लीड करताना

भावा, लिव्हर स्पंजासारखा दबतोय म्हणजे बहुतेक ब्रेकच्या लायनीत हवा शिरलीय, ती बाहेर काढणं म्हणजेच ब्लीड करणं, घरी होणारं काम आहे, टेन्शन घेऊ नको. हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर डॉट ३ की ४ (ऑइलचा प्रकार) लिहिलंय बघ आणि तेच ऑइल सीलबंद आण, उघडी राहिलेली बाटली नको, ते हवेतला ओलावा ओढतं.

- रिंग पानाच लाव, फिक्स पान्याने जुना निप्पल (चाकाजवळ ब्रेकवरचा हवा सोडायचा छोटा बोल्ट) गोल होतो, मग बस रडत.
- लिव्हर दाबून धर, निप्पल पाव आटा सोड, निप्पलला लावलेल्या नळीतून बुडबुडे आले की आधी निप्पल बंद, मगच लिव्हर सोड. सगळे नवीन इथंच चुकतात, उलटं केलं की हवा परत आत.
- वरचा डबा रिकामा होऊ देऊ नको, नाहीतर पहिल्यापासून सुरू.

टाकीवर थेंब सांडला तर लगेच पाणी मार, रंग खातो. लिव्हर कडक लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही.