वावर विकून कायमचं परदेशी जावं का?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : आम्ही मोर्शी तालुक्यातले. मी ६१ वर्षांचा, पत्नी ५७. एकूण ९ एकर वावर. त्यातले ६ एकर वडिलोपार्जित कोरडवाहू, कपाशी-तुरीचे. ३ एकर मी स्वतः घेतलेली संत्र्याची बाग. मुलगा कॅनडात पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) आहे, मुलगी वर्ध्याला दिली. मुलगा म्हणतो, सगळं विका आणि कायमचे इकडे या. गिऱ्हाईकही दारात आहे. काय करावं?

उत्तर : गिऱ्हाइकाला थांबवा आणि आधी मुलाला एकच गोष्ट विचारा : कोणत्या व्हिसावर बोलावतोस? कॅनडात आईवडिलांना कायमचे वास्तव्य देणारी योजना आहे. पण तिच्यात २०२० साली ज्या मुलांनी आईवडिलांना बोलावण्याची इच्छा अर्जाने नोंदवली, त्यांच्यातूनच २०२५ पर्यंत निमंत्रणे गेली. मुलाचे नाव त्या यादीत नसेल तर हाती उरतो तो सुपर व्हिसा. तो १० वर्षांपर्यंतचा मिळतो आणि एका खेपेला ५ वर्षांपर्यंत राहता येते, पण तो पाहुण्याचाच व्हिसा आहे. त्यावर काम करता येत नाही आणि सरकारी दवाखान्याची सोयही मिळत नाही. निदान १ लाख कॅनेडियन डॉलर संरक्षणाचा, एक वर्षाचा खासगी आरोग्य विमा काढावा लागतो. शुगर किंवा बीपी असेल तर हप्ता चढतो. शिवाय गेल्या काही महिन्यांत गोळी किंवा तिचा डोस बदलला असेल तर त्या आजाराचा खर्च अनेक पॉलिसींत नाकारला जातो. ती अट सही करण्याआधी मुलाकडून शब्दन् शब्द वाचून घ्या. कागद पाहुण्याचा आणि जमिनीची विक्री कायमची, हे गणित आम्हाला पटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा कायदा परकीय चलनाचा आहे. भारतात राहताना घेतलेली किंवा वारशाने आलेली शेतजमीन अनिवासी (एनआरआय) झाल्यावरही तुमच्याच नावावर राहते. ती पुढे भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकताही येते. पण अनिवासी झालेल्याला, किंवा ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळते ते) असलेल्याला, भारतात नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे परदेशातून विकण्याचा दरवाजा उघडा राहतो, घेण्याचा बंद होतो. ‘जाण्याआधीच विकलं पाहिजे’ असे गिऱ्हाईक सांगत असेल तर ते खरे नाही. परत येऊन घेऊ म्हणाल, तर विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे आणि त्यात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेवटचा सातबारा गेला की शेतकरी असल्याचा दाखला कशावर मागणार? म्हणून काहीही ठरले तरी थोडे वावर नावावर ठेवा. मात्र प्रमाणभूत (सरकारने ठरवलेल्या किमान) क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही, तेव्हा किती ठेवायचे ते तलाठ्याला विचारूनच ठरवा.

आता तुमच्या ९ एकरांकडे पाहू. दोन्ही तुकडे सारखे नाहीत.

वडिलोपार्जित ६ एकरांत मुलीचा जन्मतः हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो मुलाच्या बरोबरीचा झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले. तिच्या सहीशिवाय केलेले खरेदीखत कोर्टात अडकू शकते. हक्कसोडपत्र करायचे असेल तर ते नोंदणीकृतच हवे. साध्या स्टँपवर लिहून घेतलेले चालत नाही. तुमच्या बहिणी असतील तर त्यांची नावे कोणत्या फेरफाराने कमी झाली तोही कागद काढा. हे वावर मात्र तुमच्या मागे तग धरू शकते. पाडव्याला सालगडी ठरवा आणि मजुरी, बियाणे, खत यांचा खर्च तुमच्याच खात्यातून जाऊ द्या. पगारावरचा गडी कूळ ठरत नाही. तोंडी मक्त्याने देऊन निघून जाऊ नका. वर्षानुवर्षे दुसऱ्याची वहिवाट आणि पीक पाहणीत दुसऱ्याचे नाव, यातून पुढे कुळाचा वाद उभा राहतो. मक्त्याने द्यायचेच असेल तर तालुक्याच्या वकिलाकडून करार करून घ्या.

बागेचे तसे नाही. एप्रिल-मेमध्ये पाण्याच्या पाळ्या चुकल्या किंवा पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो मलम लागला नाही, तर डिंक्या रोग शिरतो आणि झाड परत उभे करता येत नाही. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी एवढेच ते काम, पण ते वेळेवर करणारा माणूस हवा. झाडावरचा बहर व्यापाऱ्याला विकला तर घरी मालक नसताना दुसरा हप्ता वसूल होणे कठीण जाते. मोर्शी-वरुड पट्ट्यात बोअरचे पाणी किती खोल गेले ते तुम्हाला ठाऊकच आहे. शिवाय ही बाग तुमची स्वकष्टार्जित, म्हणजे वारसांच्या सहीची अडचण कमी. म्हणून विकायचेच झाले तर बाग आधी, कोरडवाहू शेवटी. लोक उलटे करतात : बागेवर जीव असतो म्हणून ती ठेवतात, आणि दोन उन्हाळ्यांत ती वाळते.

पण त्याच्याही आधी एक हिवाळा तिकडे काढून पाहा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जा, एप्रिलच्या मध्याला परत या. मुक्काम सहा महिन्यांच्या आत राहील आणि बागेच्या पाण्याला तुम्ही घरी असाल. मे ते सप्टेंबर राहून आलेल्यांना कॅनडा आवडतोच. जानेवारीत उणे २० अंशांत, मुलगा-सून कामावर गेल्यावर, गाडी चालवता येत नसताना दिवस कसा जातो हे पाहायचे आहे. पत्नीला वेगळे विचारा आणि तुमच्या समोर नाही, मुलीसमोर विचारा.

विक्री ठरलीच तर हा क्रम ठेवा. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन गैरआदिवासीला विकताना तर परवानगी अगदी काटेकोर असते. ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर कर्ज फेडून निल दाखला घ्या आणि बोजा कमी करवून घ्या. भूमी अभिलेखकडून मोजणी करा. धुऱ्याचा आणि पांदण रस्त्याचा वाद इसारानंतर निघाला की भाव पडतो. विहीर सातबाऱ्यावर चढलेली नसेल तर ती आधी चढवा. पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय ताबा देऊ नका. खरेदीखतानंतर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. ती नोंद प्रमाणित होईपर्यंत गाव सोडू नका.

पैसे रोखीने अजिबात घेऊ नका. कमी किमतीचे खरेदीखत आणि वरचे रोख असा व्यवहार केलात, तर ती वरची रक्कम बँकेतून परदेशी कधीच पाठवता येणार नाही.

कराचे सांगतो. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भारतात भांडवली नफ्याचा कर नाही. अट अंतराची आहे : १० हजारांपेक्षा जास्त आणि १ लाखापर्यंत वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटर, १ लाख ते १० लाख वस्तीला ६, आणि त्यापुढे ८ किलोमीटरच्या बाहेर जमीन हवी. अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नाही. पैसे पाठवताना निवासी माणसाला आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरची मर्यादा आहे. मुलाला भेट म्हणून पाठवताना १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ कापला जाणारा कर) घेते. ५० लाख पाठवलेत तर ४० लाखांवर ८ लाख. विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात, पण मधले महिने पैसा अडकतो. अनिवासी झाल्यावर एनआरओ (अनिवासीच्या भारतातल्या रुपयांच्या) खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि तिथे हा टीसीएस नाही. सीएचे प्रमाणपत्र लागते.

एक बाब कॅनडाच्या कराची. पुढे तिथले कर-निवासी झालात आणि मग बाग विकलीत, तर इकडे माफ असलेला नफा तिकडे करपात्र होतो. कॅनडा मात्र तुम्ही तिथे स्थायिक झालेल्या दिवसाचा बाजारभाव ही मूळ किंमत धरतो. म्हणून निघण्याच्या सुमाराला नोंदणीकृत मूल्यांककाकडून जमिनीचा अहवाल करून ठेवा. अमेरिकेत ही सवलत नाही. तिथे जुन्या खरेदी किमतीपासूनचा सगळा नफा धरतात. ग्रीन कार्डावर जाणाऱ्याने विकायचे पक्केच असेल तर निघण्याआधी विकणे त्यामुळे सोयीचे पडते.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातून लिहिते. नवरा ४१ वर्षांचा, बी.ए. दिरासोबत सामाईक ५ एकर वावर आहे, वडिलोपार्जित. शहरातला एक एजंट म्हणतो, १८ लाखांत नोकरीसकट कॅनडाची पीआर नक्की. नवरा हिस्सा विकायला निघाला. दोन लेकरं आहेत. मी काय करू?

उत्तर : ताई, ‘नक्की’ हा शब्दच खोटा आहे. कॅनडाची ही निवड गुणांवर होते. पतीपत्नी दोघे जाणार असतील तर वयाचे गुण २० ते २९ व्या वर्षी १००, ४१ व्या वर्षी ३५ आणि ४५ पासून शून्य. नोकरीच्या पत्राचे गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले आहेत, तेव्हा ‘नोकरीसकट’ म्हणून घेतलेल्या पैशाने या यादीत एकही गुण वाढत नाही. इंग्रजीची परीक्षा, पदवीचे मूल्यांकन आणि अनुभवाचे कागद हे नवऱ्याचेच लागतात, एजंट ते देऊ शकत नाही.

फी पाहा. २०२४ च्या दरांप्रमाणे सरकारी शुल्क प्रौढ माणशी १,५२५ कॅनेडियन डॉलर, दोघांचे ३,०५०, म्हणजे साधारण दोन लाख रुपये. लेकरांचे, परीक्षेचे, वैद्यकीय तपासणीचे वेगळे धरले तरी १८ लाख होत नाहीत. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचा सल्ला देणारा माणूस तिथला वकील किंवा तिथल्या सल्लागार-परिषदेचा परवानाधारक असावा लागतो. त्याचा परवाना क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. आखाती देशांत नोकरीला पाठवणाऱ्यांचा कायदा वेगळा : तिथे भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंद असलेला एजंट हवा, आणि त्याला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही.

वडिलोपार्जित वावरात तुमच्या दोन्ही लेकरांचा जन्मतः हक्क आहे, मुलगी असो की मुलगा. कर्त्याला ते फक्त कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी विकता येते. एजंटाची फी त्यात बसवणे अवघड. दुय्यम निबंधक मालकीचा वाद तपासत नाही, म्हणून तिथे खरेदीखत लागूनही जाईल. फेरफाराच्या नोटिशीनंतरच्या १५ दिवसांत लेकरांच्या वतीने तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तेवढ्याने विक्री रद्द होत नाही, त्यासाठी दिवाणी दावा लागतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळतो. इसार होण्याआधीच जा.

दिराशीही बोला. अगोदर वाटणी होऊन सातबारे वेगळे झाले तर निदान घाईचा सौदा थांबतो.

प्रश्न : मी अमेरिकेत ग्रीन कार्डावर आहे. दारव्ह्यातले जुने घर ४० लाखांना विकतो आहे. घेणारा म्हणतो, मोठी रक्कम कापून देईन. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर आहे. विकणारा अनिवासी असला की घेणाऱ्याला कर कापावाच लागतो, आणि प्राप्तिकर खात्याचे प्रमाणपत्र नसेल तर तो नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर कापतात. दीर्घ मुदतीच्या नफ्याला १२.५ टक्के अधिक ४ टक्के उपकर, म्हणजे १३ टक्के. ४० लाखांवर ५ लाख २० हजार. खरेदीखताआधी कमी कपातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. त्याला काही आठवडे लागतात, तेव्हा इसारपत्रात तेवढी मुदत लिहून घ्या. मुखत्यारपत्र पाठवणार असाल तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करा आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा.

प्रश्न : अमेरिकेचा नागरिक झालेला मुलगा आमचे ग्रीन कार्ड करतो आहे. माझा जन्म १९५८ चा, वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातला. जन्माचा दाखला नाही. पत्नीचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचे आहे.

उत्तर : जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या नोंदी आपल्याकडे कोतवाल बुकात सापडतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव, साल आणि वडिलांचे नाव देऊन नकलेचा अर्ज करा. बहुतेक नोंदीत बाळाचे नाव नसते, ‘मुलगा’ एवढेच आणि बापाचे नाव असते. म्हणून तिला शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा जोडा. दोन्हीतली जन्मतारीख जुळत नसेल तर शाळेचीच तारीख पासपोर्टवर आहे ना ते पाहा. काहीच सापडले नाही तर निबंधकाकडून नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र घ्या आणि शाळेचा दाखला व वडीलधाऱ्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र सोबत लावा.

पत्नीच्या बाबतीत मुलाच्या जन्मदाखल्यातले आईचे नाव आणि तिच्या पासपोर्टावरचे नाव एकच हवे, कारण नाते त्यावरूनच सिद्ध होते. त्यात माहेरचे नाव, ‘बाई’ लावलेले नाव असा फरक असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करा आणि मग आधार, पासपोर्ट या क्रमाने दुरुस्त्या करा. लग्नाची नोंद नसेल तर ग्रामपंचायतीत आता करता येते. सगळ्या मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे करताना गावाचे आणि वडिलांचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे ठेवायला भाषांतरकाराला आधीच लिहून द्या.