क्रांतीनंतर नाव दिसत नाही म्हणजे घराणं संपलं असं नाही

तुमचा प्रश्न वाचला आणि माझीच चार वर्षांपूर्वीची वही उघडल्यासारखं झालं. फ्रान्समधल्या लिमोझँच्या खेड्यातला छोटा शातो म्हणजे सरदारी वाडा, 1780 च्या कागदावर ‘अमुक गावचे सेन्योर’, म्हणजे जहागीरदार, असलेलं घराणं, आणि फ्रेंच क्रांतीनंतर, 1792 पासून, ते नावच कुठे नाही. सगळे गिलोटिनवर गेले का, वाडा जप्त झाला का, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, दोन्ही नाही.

आधीच सांगते, मी इतिहासकार नाही, वकीलही नाही. माझा अनुभव एका दोर्दोन्य जिल्ह्यापुरता आहे. अभिलेखागारात नोंदणी कशी करायची वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडते.

मी शोधत होते सासूबाईंच्या माहेरचा शातो. बुरूज एकच, बाकी शेतघरासारखा. त्यांच्या आजोबांनी तो विकला होता आणि त्याआधी आपलं घराणं तिथे किती काळ होतं एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी जवळजवळ वर्षभर वाड्याच्याच नावाने शोधत राहिले. 1776 च्या एका बाप्तिस्म्याच्या नोंदीखाली बापाची सही होती, ठसठशीत. ती मी आडनाव समजून उतरवून घेतली आणि प्रत्येक यादीत तेच शोधलं. ते आडनाव नव्हतंच, जमिनीचं नाव होतं.

आपल्याकडे ‘कर’ लावलेलं आडनाव गाव सुटलं, जमीन विकली तरी सुटत नाही. तिथे जहागिरीचं नाव जमिनीबरोबर हात बदलायचं. निबंधकार मोंतेन्यचंच घ्या. त्याचे पणजोबा रामों एकेम हे बोर्दोचे व्यापारी, दारू आणि खारवलेल्या मासळीचा धंदा. त्यांनी 1477 मध्ये मोंतेन्यचा वाडा विकत घेतला. घराण्याचं आडनाव एकेम, जगाला माहीत झालं ते वाड्याचं. मग 19 जून 1790 ला वंशपरंपरागत सरदारकी रद्द झाली आणि प्रत्येकाने खरं कौटुंबिक आडनावच लावायचं असं ठरलं. सेनानी लाफायेत कागदावर मोतिए झाला, खुद्द राजा सोळावा लुई पुढे ‘लुई कापे’ झाला. सासूबाईंचे पूर्वजही असेच, त्याच गावात, त्याच यादीत, पण दुसऱ्या अक्षराखाली बसलेले होते.

यात एका कार्यालयाने मला जो मनस्ताप दिला तो अजून जात नाही. नाव घेत नाही. मी पत्र पाठवलं, चार महिन्यांनी दोन ओळी आल्या: ‘या नावाची नोंद आढळली नाही.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मी दिलेलं नाव जहागिरीचं आहे हे तिथल्या माणसाला पहिल्याच नजरेत कळलं असणार, रोजचंच काम आहे त्यांचं. एक वाक्य जास्त लिहिलं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं. तोवर सासूबाईंची नजर इतकी अधू झाली की शेवटी सापडलेला कागद त्यांना स्वतः वाचता आला नाही, मी वाचून दाखवला.

जप्तीचं म्हणाल, तर सरसकट सगळे वाडे गेले नाहीत. चर्चची मालमत्ता 1789 च्या नोव्हेंबरात राष्ट्राची झाली. सरदारांपैकी मुख्यतः जे देश सोडून गेले त्यांची 1792 पासून जप्त होऊन विकली गेली. जे गावातच राहिले त्यांतल्या पुष्कळांचे वाडे टिकले. त्यामुळे लिलावाच्या कागदांत आधी डोकं घालू नका. तारखाही जपून वाचा: क्रांतीच्या नव्या दिनदर्शिकेप्रमाणे 22 सप्टेंबर 1793 ला ‘वर्ष दुसरं’ सुरू होतं, त्यापुढच्या नोंदींत 1793 आणि 1794 चे आकडे शोधत बसलात तर हाती काही लागत नाही.

माझं ठाम मत, माणसाच्या मागे न जाता जमिनीच्या मागे जा. 1807 च्या कायद्याने जी मोजणी झाली तिचे नकाशे आणि मालकवार वह्या जिल्हा अभिलेखागारात असतात. एका मालकाचं एक पान: घर, बाग, कुरण, चेस्टनटचं रान, प्रत्येकाचं क्षेत्र आणि करासाठी धरलेलं उत्पन्न. कडेच्या रकान्यात हा तुकडा कोणत्या पानावरून आला आणि कोणत्या पानावर गेला त्याचे आकडे. ते आकडे धरून पान पान चालत गेलं की मालकांची साखळी आपोआप उलगडते. फक्त आजचा गट क्रमांक तिथे चालत नाही, नंतरच्या मोजणीत क्रमांक बदललेत. जुन्या नकाशावर बोटाने वाडा शोधून तिथला क्रमांक घ्या.

आणि एकच घराणं शेवटपर्यंत असेल असं धरून चालू नका. आमच्याकडचा मिलांदचा शातो 1489 मध्ये कोमों घराण्याने बांधला, 1900 मध्ये क्लाव्हेरी नावाच्या कारखानदाराने घेतला, 1947 मध्ये गायिका-नर्तकी जोसेफीन बेकरने. 1968 मध्ये कर्जापायी तिच्या हातून गेला.

तर आता तुमच्या 1780 च्या कागदावर सही पाहू नका, मजकूर पाहा. पाद्री पूर्ण ओळ लिहितो: पाळण्यातलं नाव, मग आडनाव, मग ‘एक्युये’ ही सरदारकीची छोटी पदवी, मग ‘सेन्योर द’ आणि जमिनीचं नाव. ‘एक्युये’च्या आधीचा शब्द तुम्हाला हवा आहे. फोटो असेल तर टाका, अक्षर लागत नसेल तर मी वाचून बघते.