तारकर्ली-मालवणला फॅमिलीसोबत जायचंय, गाईडसकट पॅकेज घ्यावं की स्वतः रिसॉर्ट बुक करावं? आणि रिसॉर्टचे रिव्ह्यू खरे असतात का?

तुम्ही लिहिलंय की जळगावहून सासू-सासरे आणि दोन पोरं घेऊन दिवाळीनंतर जायचंय, एका टूरवाल्याने गाईड, जेवण, रिसॉर्ट सगळं धरून पॅकेज दिलंय, आणि त्या रिसॉर्टला ४.६ रेटिंग आहे तर ते खरं मानायचं का, शिवाय बजेट किती धरायचं.

मानू नका. पॅकेजही घेऊ नका. झालं उत्तर. पुढचं ज्याला वाचायचं त्याने वाचा, कारण हा विषय आमच्या घरात अजून पेटलेला आहे आणि मला कुठेतरी हे एकदा लिहायचंच होतं.

मी अमळनेरचा. आमचे साडूभाऊ धुळ्याचे. माणूस दिलदार आहे, पण एक सवय, कुठलीही गोष्ट 'आपल्या ओळखीच्या माणसाकडून' घ्यायची. फ्रीज ओळखीच्या दुकानातून, दातांचा डॉक्टर ओळखीचा, तर मालवणची टूर पण ओळखीच्याच माणसाची निघाली. कागदावर सगळं झकास होतं. एसी ट्रॅव्हलर, सी फेसिंग रिसॉर्ट, तिन्ही टाइम जेवण, सोबत माहितगार गाईड, किल्ला, स्कूबा, सगळं इनक्लूड, आणि खाली जाड अक्षरात 'डॉल्फिन गॅरंटी'. आता डॉल्फिनची गॅरंटी कोण देतो भो? ते काय याच्या पगारावर आहेत का? सकाळी लवकर गेलं, समुद्र शांत असला तर दिसतात, नाहीतर नाही दिसत. मी हे तेव्हाच बोललो होतो पण घरात सगळ्यांनी बॅगा काढल्या होत्या, माझं कोण ऐकतं.

आपल्याकडून तारकर्ली म्हणजे सातशे किलोमीटरच्या वर जातं हे तुम्हाला माहितीच असेल. रात्रभर गाडी, घाटात पोरांच्या उलट्या, आईचे गुडघे आखडलेले, आणि पोचलो तेव्हा अंधार. रूममध्ये गेलो, पडदा सरकवला तर समोर जनरेटर. हिरव्या पत्र्याचा, मोठा, खिडकीपासून हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. सकाळी उजाडल्यावर समुद्र पण सापडला, नाही असं नाही, पण तो बघायचा तर बाहेर पॅसेजमध्ये येऊन पाण्याच्या टाकीच्या बाजूने मान वाकडी करायची, मग दोन माडांच्या मधून चार बोटं निळं दिसायचं. मॅनेजरला विचारलं तर शांतपणे म्हणतो, "सर, रिसॉर्ट सी फेसिंग आहे, रूम नाही."

दुसऱ्या रात्री लाइट गेली. जनरेटर सुरू झाला, काचा थरथरायला लागल्या, डिझेलचा वास गादीपर्यंत. आई उठून बसली आणि म्हणते, "भूकंप व्हयना का रे?"

जेवणाचं तर बोलूच नका. आई, ताई म्हणजे बायकोची मोठी बहीण आणि तिच्या सासूबाई शाकाहारी, त्यांना रोज पनीर, पिवळी डाळ आणि जिरा राइस. मालवणात येऊन पनीर! शेवभाजी मागवावी आणि शेव वेगळी पुडीत बांधून यावी, रस्सा यावाच नाही, तसला प्रकार. अहो तिथे शाकाहारी माणसाला काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे, घावणे आहेत, आंबोळ्या आहेत, सोलकढी आहे, पण 'तिन्ही टाइम इनक्लूड' म्हटल्यावर पैसे आधीच गेलेले, मग बाहेर खायला कोणाचं मन होत नाही. मी एका दुपारी हट्टाने सगळ्यांना रस्त्यापलीकडच्या एका घरगुती खानावळीत नेलं. तिथल्या काकूंनी घावणे तव्यावरून थेट पानात वाढले, आईने दोन खाऊन मग हळूच विचारलं, ठेचा आहे का, तर त्यांनी मिरच्या भाजून दिल्या. पूर्ण ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं जेवण ते, आणि पॅकेजच्या बाहेरचं.

आता गाईड. हे जरा सविस्तर सांगतो कारण मला खरा राग याचा आहे, जनरेटरचा तेवढा नाही.

गाईड म्हणून जो पोरगा दिला तो ट्रॅव्हलरवाल्याचा भाचा का पुतण्या होता. बिचारा मोबाईलमध्ये बघून वाचायचा. सिंधुदुर्ग किल्ल्यावर मालवण जेटीवरून होडीने जातात, होडीवाले किल्ल्यावर साधारण तासभर देतात आणि त्याच होडीने परत यायचं असतं. म्हणजे तो तास सोन्याचा. या पठ्ठ्याने त्यातला अर्धा वेळ सेल्फी पॉइंटवर घालवला आणि मग तटाकडे हात करून सांगतो की हा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला आणि महाराजांनी जिंकला. मी काही बोलायच्या आत बाजूला कोकम सरबत विकणारी एक म्हातारी कडाडली, "काय सांगतस रे? किल्लो म्हाराजांनी बांधलो!" पोरगा गप्प. साडूभाऊ मात्र मला म्हणतात, जाऊ द्या हो, लहान आहे.

का जाऊ द्या? १६६४ मध्ये कुरटे बेटावर काम सुरू झालं, तीन वर्षांत १६६७ ला किल्ला उभा राहिला, पायाला शिसं ओतलं, हे शाळेतल्या पोरालाही माहिती असतं. आणि दरवाजा असा लपवलाय की होडी जवळ येईपर्यंत तटात दार आहे हेच कळत नाही, तुमच्या पोरांना हे होडीतच दाखवा, त्यांना मजा येईल. मी मग त्या पोराला सोडलं आणि तिथलाच एक स्थानिक गाईड घेतला, पदरचे पैसे देऊन. त्या माणसाच्या आधीच्या पिढ्या किल्ल्यावरच राहिलेल्या, आजही काही घरं आत आहेत. त्याने महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवला, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर दाखवलं, आणि मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. आई साखरबावेच्या काठावर उभी राहिली ती हलेचना. "समुद्रना मझार गोड्या पानीनी हीर!" असं दोन-तीनदा बोलली. आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकरच्या मागे हंडे घेऊन पळालेली बाई ती, तिला बाकी किल्ला नाही दिसला तरी चालला असता. पॅकेजच्या यादीत या विहिरी नव्हत्याच.

घरी आल्यावर मी रिव्ह्यू टाकला. दोन स्टार. शिवी नाही, टोमणा नाही, सरळ लिहिलं की अमुक बाजूच्या रूम घेऊ नका, जनरेटर खिडकीला लागून आहे, शाकाहारी जेवण रोज एकच, स्टाफ चांगला, किनारा स्वच्छ, सोबत दिलेल्या गाईडला किल्ल्याची माहिती नाही. खिडकीचा फोटो जोडला. एवढंच. आणि तिथून महाभारत सुरू झालं.

आधी रिसॉर्टवाल्याचा फोन, रिव्ह्यू काढा, पुढच्या वेळी एक रात्र फ्री देतो. मी म्हटलं त्या फ्री रात्रीत जनरेटर बंद ठेवणार का? मग टूरवाल्याने साडूभाऊंना फोन केला, आणि साडूभाऊंनी मला नाही, माझ्या बायकोला फोन केला. मग भाच्याच्या साखरपुड्यात चारचौघांत, पंगत बसलेली असताना म्हणतात, "आमचे साडू मोठे पत्रकार झालेत, ज्याच्या घरी जेवतात त्यालाच नावं ठेवतात." सगळे हसले. आमची मंडळी पण हसली, तो हिशोब वेगळा आहे.

तर साडूभाऊ, तुम्ही हे वाचणार हे मला माहिती आहे, म्हणून इथे उत्तर देतो. पंगतीला बोलावलं आणि जेवलो तर भाजीत मीठ कमी आहे हे मी मेलो तरी बोलणार नाही. पण तो माणूस आपला यजमान नव्हता, दुकानदार होता, पूर्ण ॲडव्हान्स घेऊन आणि वर जीएसटी लावून. कपाशीचं बियाणं बोगस निघालं तर तुम्हीच त्या दुकानासमोर आख्खं गाव गोळा केलं होतं ना? तेव्हा तो पण ओळखीचाच होता.

असो. ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो.

४.६ चा आकडा सोडा. चेकआउटच्या वेळी काउंटरवर क्यूआर कोड पुढे करतात, "सर पाच स्टार टाका ना", समोर माणूस उभा असताना कोण दोन टाकणार? ज्या रिव्ह्यूमध्ये फक्त 'अमुक दादांनी खूप छान सर्व्हिस दिली' एवढंच असतं ते बहुतेक तिथेच उभ्याउभ्या लिहिलेले असतात. तुम्ही तीन स्टारवाले वाचा. एक स्टारवाला चिडलेला असतो, पाचवाला घाईत असतो, तीनवाला बसून लिहितो. आणि रिव्ह्यू कुठल्या महिन्यातला आहे ते बघा. जून ते ऑगस्ट तिकडे वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, किल्ल्याच्या होड्याही बंद, मग पावसाळ्यात जाऊन 'काहीच करायला नाही' लिहिणाऱ्याचं ऐकून काय उपयोग. देवबागच्या संगमावरच्या सुनामी आयलंडचं तर अजून वेगळं, एक जण लिहितो मस्त वाळूचं बेट, दुसरा लिहितो गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि फसवलं. दोघं खरं बोलतात, एक ओहोटीला गेला, एक भरतीला. टूरवाला तुम्हाला त्याच्या गाडीच्या टाइमाने नेतो, समुद्राच्या नाही, हे पॅकेज न घ्यायचं माझं सगळ्यात मोठं कारण.

रिसॉर्टवाल्याने टाकलेले फोटो बघूच नका, गेस्टने टाकलेले बघा, त्यातही स्विमिंग पूल सोडून बाथरूमचे. आणि बुकिंगच्या आधी व्हॉट्सॲपवर सांगा, आम्हाला जी रूम देणार तिच्या खिडकीतून फोटो काढून पाठवा. जो पाठवतो त्याच्याकडे जा. जो 'सर काळजी करू नका' म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका.

स्कूबाबद्दल मात्र मस्करी नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परत येणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जण गेले. त्यामुळे लाइफ जॅकेट अंगात, बक्कल लावलेलं, हातात धरलेलं नाही, आणि बोटीत माणसं कोंबलेली दिसली तर पैसे बुडाले तरी उतरा. तारकर्लीला एमटीडीसीची म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबाची संस्था आहे, तिथे आधी स्विमिंग पूलमध्ये शिकवतात मग समुद्रात नेतात, पोरं मोठी असतील तर तिथे चौकशी करा. पॅकेजमधली स्कूबा म्हणजे शिडीजवळ डोकं पाण्यात, हातात ब्रेडचा तुकडा, चार मासे, व्हिडिओ, झालं. आमच्या साडूभाऊंच्या व्हिडिओत तर निम्मा वेळ ट्रेनरचा पायच दिसतो.

राहायला रिसॉर्टपेक्षा घरगुती निवास बघा, तारकर्ली-देवबागला भरपूर आहेत, जेवण तिथलंच घरचं मिळतं आणि सासूबाईंना काय चालतं काय नाही हे थेट स्वयंपाकघरात सांगता येतं. जाताना गाडीने मरू नका. मंगला एक्सप्रेस आपल्या भुसावळ-जळगाववरून थेट कोकण रेल्वेला लागते, रत्नागिरीला उतरून पुढे कुडाळपर्यंत दुसरी गाडी धरा, कुडाळवरून मालवणला रिक्षा-एसटी सगळं आहे. तिकीट मात्र लवकर काढा, दिवाळीला वेटिंग हलत नाही.

आता जे आधी लिहायला पाहिजे होतं ते. सगळेच टूरवाले असे नसतात. सासू-सासरे पंचाहत्तरीच्या पुढचे असतील, बॅगा उचलायला, डॉक्टर शोधायला कोणीतरी सोबत पाहिजे असेल, तर चांगल्या टूरवाल्याचा उपयोग होतो, आमच्याच गल्लीतले एक काका दरवर्षी जातात आणि खूश असतात. सोबत महाराज म्हणजे स्वयंपाकी नेणारे पण असतात, त्यांच्याकडे निदान वरण-बट्टी तरी मिळते. फक्त किल्ल्यावर गाईड तिथलाच घ्या, पॅकेजमध्ये असला तरी घ्या. आणि आमच्या त्या रिसॉर्टचा किनारा खरंच सुंदर होता, ते मी रिव्ह्यूमध्ये लिहिलेलं आहे, साडूभाऊंनी तेवढी ओळ वाचली नाही.

रिव्ह्यू काढलेला नाही, काढणार पण नाही. मध्यंतरी त्याच्यावर कोणीतरी पाच स्टार टाकलेत, 'एकदम भारी रिसॉर्ट भो, काही लोकांना नावं ठेवायची सवय असते'. प्रोफाइलला फोटो नाही, नाव भलतंच आहे, पण मालवणच्या रिसॉर्टला 'भो' लिहिणारा माणूस कुठला असेल ते तुम्ही जळगावचे आहात, तुम्हाला सांगायला नको.

बजेटचं विचारलंत ते राहिलं. ते सीझनवर आहे, दिवाळीचा आठवडा आणि नाताळ सोडून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा, भाव पण उतरलेला असतो आणि पाणी पण नितळ.