घट, आपटा आणि मसाला दूध : शरदाच्या तयारीचे प्रश्न

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळे सगळे सण पुढे सरकले आहेत. घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे आणि कोजागिरी २५ ला. तोवर पुण्यातला पाऊस बराचसा ओसरलेला असतो आणि दुपारचं ऊन चटके देऊ लागतं. आलेल्या प्रश्नांतले बरेचसे घोटाळे या हवेशीच जोडलेले आहेत.

प्रश्न : आमच्या घटातलं धान धड उगवत नाही. मधोमध कोरडं राहतं, कडेला कुजतं आणि चौथ्या-पाचव्या माळेला पांढरी बुरशी दिसते. आम्ही प्लास्टिकच्या ट्रेमध्ये माती घालून वर तांब्याचा कलश ठेवतो. (कोथरूड)

अर्धा दोष त्या तांब्याच्या कलशाचा आणि अर्धा ट्रेचा. मातीचा घट पाझरतो. तो नऊ दिवस आपल्या बुडाशी ओल धरून ठेवतो आणि धान्याला हळूहळू पाणी पोचत राहतं. तांबं पाझरत नाही. मग आपण वरून पाणी घालतो, ते कडेला साचतं आणि ट्रेला भोक नसल्यामुळे तिथलं धान्य कुजतं. कलश तांब्याचाच ठेवायची घरची रीत असेल तर ती मोडू नका, पण परडी बांबूची घ्या आणि पाणी ओतण्याऐवजी हाताने शिंपडा.

मातीचा घट घेताना एक बघा. वरून ऑइलपेंटने रंगवलेले, आरसे चिकटवलेले घट दिसायला छान असतात, पण रंगाने त्यांची छिद्रं बुजलेली असतात. पाझरण्याच्या बाबतीत ते तांब्याच्याच पंगतीला बसतात. कसबा पेठेच्या कुंभारवाड्यात साधे, न रंगवलेले घट मिळतात, तेच घ्या. असा घट रोज थोडा रिकामा होतो, तेव्हा त्यात सकाळी पाणी भरायला विसरू नका. परडीखाली ताट हवंच, नाहीतर देवघराची फळी फुगते.

आता प्रमाण. नऊ-दहा इंच व्यासाच्या परडीत पत्रावळ किंवा केळीचं पान अंथरा. काळी माती एकटी वापरली तर ती पाण्याने चिकट होते आणि वाळली की तडकते, म्हणून तीन भाग मातीला एक भाग वाळू किंवा चाळलेलं शेणखत मिसळा. दोन इंचांचा थर द्या, त्यावर धान्य पसरा आणि वरून जेमतेम अर्धा इंच माती भुरभुरवा. सगळं धान्य मिळून एक लहान वाटी, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास, पुरतं. जास्त घातलं की दाट उगवेल असं वाटतं, पण दाणे एकमेकांवर पडून खालचे सडतात. गहू, ज्वारी आदल्या रात्री आठ तास भिजवा. मूग-मटकीला चार तास पुरे. पाणी रोज सकाळी अर्धी वाटी, तेही माती हाताला कोरडी लागली तरच.

सात धान्यांची यादी घरागणिक बदलते, त्यावर वाद घालू नका. मात्र धान्य अख्खं हवं, डाळ उगवत नाही. बियाण्याच्या दुकानातलं गुलाबी किंवा लालसर रंग लावलेलं बी आणू नका. तो बुरशीनाशकाचा लेप असतो, आणि दसऱ्याला हीच रोपं आपण टोपीत आणि केसांत खोवतो.

बुरशीचं म्हणाल तर ती दर वेळी बुरशीच असते असं नाही. गव्हाचं नवं मूळ मातीबाहेर डोकावलं की त्याच्याभोवती बारीक पांढरी लव दिसते. ते मुळाचे केस. पाणी शिंपडलं की ते मुळाला चिकटून दिसेनासे होतात. बुरशी पाण्याने जात नाही, एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाळं विणत जाते आणि तिला कुबट वास येतो. ती दिसली तर तेवढे दाणे चमच्याने उचलून टाका, त्या दिवशी पाणी देऊ नका आणि वर लोंबणारी ओली माळ जरा उंच बांधा. पाचव्या-सहाव्या माळेपर्यंत ओल्या फुलांच्या पाकळ्या परडीत गळतात आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. धान पिवळं उगवलं म्हणून घाबरू नका. देवघरातल्या अपुऱ्या उजेडात हरितद्रव्य तयार होत नाही, एवढंच.

प्रश्न : दोघंही नोकरीवर जातो. अखंड दिवा कसा सांभाळायचा? (वाकड)

आधी मोजा. एका सुट्टीच्या दिवशी दिव्यात १०० मिलिलिटर तेल घालून तो किती तास जळतो ते पाहा. वात जितकी जाड तितकं तेल जास्त. तुम्ही घराबाहेर असता त्या तासांच्या दीडपट तेल मावेल असा दिवा घ्या, वर काचेची चिमणी ठेवा आणि खाली पितळी परात. काजळी काढताना दिवा जातो तो बहुतेक वेळा घाईमुळे. आधी त्या ज्योतीवर दुसरी वात पेटवून ठेवा, मग मोठी वात झाडा आणि पुढे सारा. जवळ पडदा किंवा लाकडी मखर असेल तर बंद घरात दिवा ठेवूच नये. घरी असताना लावायचा आणि निघताना शांत करायचा, असं अनेक घरांनी केलं आहे आणि त्यात काही बिघडत नाही.

प्रश्न : भोंडला हस्त नक्षत्राचा म्हणतात. यंदा नवरात्रापर्यंत हस्त संपलेला असेल. मग सोसायटीत भोंडला कधी धरावा? मुलं तीसेक आहेत. (सिंहगड रस्ता)

बरोबर पकडलंत. सूर्य हस्तात साधारण २७ सप्टेंबरला जातो आणि १०-११ ऑक्टोबरला चित्रात. नक्षत्र सूर्याच्या हिशोबाने चालतं आणि नवरात्र चंद्राच्या, म्हणून अधिक महिन्याच्या वर्षी दोघांची अशी चुकामूक होते. कोल्हापूर-सांगलीकडचा हादगा हस्तावर बसतो. पुण्यात मात्र घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंतचा भोंडला रुळलेला आहे, तेव्हा तुम्ही नवरात्रातच धरा. यंदा पावसात भिजायची भीतीही कमी.

हत्ती पाटावर काढा, जमिनीवर नको. तीस मुलांच्या फेरात जमिनीवरची रांगोळी दुसऱ्या गाण्याला पुसली जाते. पाट ओल्या फडक्याने पुसून, खडूने हत्तीची बाह्यरेषा काढून आत तांदूळ किंवा धान्य भरा. बारीक रांगोळी वाऱ्याने उडते. फेर एकच मोठा धरला तर आतल्या गाण्याचा आवाज पलीकडे पोचत नाही आणि निम्मी मुलं नुसती चालतात. मोठ्या मुली आणि आज्या आत, लहान मुलं बाहेर, असे दोन फेर करा.

खिरापतीला माणशी ४० ग्रॅम धरा, म्हणजे तिसांना सव्वा किलो. वाटली डाळ, उकडलेले दाणे हे चवीला उत्तम, पण दुपारी करून बंद डब्यात ठेवले तर ऑक्टोबरच्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत आंबूस होतात. निघायच्या तासभर आधी करा आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा. ओळखायला लावायची असेल तर डबा हलवून आवाज ऐकवा, आणि गोड की तिखट एवढंच सांगा. सध्या जो तो विकतचे वेफर्स आणतो. डबा हलवायच्या आधीच मुलं ओळखतात, मग त्यात मजा ती काय?

प्रश्न : फुलोऱ्याच्या कडाकण्या दुसऱ्या दिवशी मऊ पडतात आणि दोऱ्यातून तुटून पडतात. (हडपसर)

मऊ पडण्याचं कारण बहुतेक वेळा मोठी आच. बाहेरून रंग येतो, आत ओल राहते. एक वाटी बारीक रवा, एक वाटी मैदा, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि दोन टेबलस्पून कडकडीत तेलाचं मोहन. दुधाऐवजी पाण्यात घट्ट भिजवा, पाऊण तास झाकून ठेवा, मग कुटून मळा. लाटी पापडाइतकी पातळ लाटून काट्याने टोचे मारा, म्हणजे फुगत नाही. पुरीसारखी फुगली की ती वातड होणारच. मंद आचेवर तळा. साखर वाढवली तर कडाकणी तेलात लवकर लाल होते आणि आपण ती कच्चीच बाहेर काढतो. दोऱ्याचं भोक तळायच्या आधी, कडेपासून बोटभर आत, पेनाच्या टोपणाने पाडा. तळून झाल्यावर टोचायला गेलात तर तडा जातो, आणि टांगल्यावर कडाकणी तिथूनच तुटते.

प्रश्न : खंडेनवमीला पूजलेल्या विळी-कात्रीवर दुसऱ्या दिवशी गंजाचे डाग. (धनकवडी)

हळद-कुंकू ओल्या बोटाने लावल्यामुळे. पूजेआधी लोखंडावर खोबरेल तेलाचा हात फिरवा, गंध-कुंकू तेलावरच लावा आणि रात्री पुसून पुन्हा तेल द्या. फुलं पात्यावर ठेवू नका, शेजारी ठेवा.

प्रश्न : मंडईबाहेर मिळतो तो खरा आपटा असतो का? (नारायण पेठ)

बऱ्याचदा तो कांचन असतो. दोन्ही एकाच कुळातले, दोन्हींचं पान जोड, म्हणून फसायला होतं. आपट्याचं पान लहान, साधारण दोन ते पाच सेंटिमीटर; लांबीपेक्षा रुंदीला किंचित जास्त, जाडसर, हाताला खरखरीत आणि मागून फिकट. कांचनाचं पान तळहाताएवढं, पातळ आणि मऊ. कांचन वाटलात तरी सोनं लुटल्याचा आनंद तोच, पण आपट्याचे पैसे देऊन कांचन घेऊ नका. फांद्या तर मुळीच घेऊ नका. आपटा सावकाश वाढणारं झाड आहे, दर दसऱ्याला ओरबाडलेल्या टेकड्यांवरच्या झाडांना शेंगा धरायला फांदीच उरत नाही. घरटी पाच पानं पुरतात. थोरामोठ्यांना एकेक द्या, समवयस्कांत तीच फिरवा.

प्रश्न : झेंडूचं तोरण दसऱ्याच्या सकाळीच काळवंडतं. एका दाराला किती फुलं घ्यावीत? (बिबवेवाडी)

तीन फुटी दाराला मधे झोळ आणि दोन्ही बाजूंना लोंबती टोकं धरून पाच फूट दोरा लागतो. मध्यम झेंडू ओवल्यावर पाऊण ते एक इंच जागा घेतो, म्हणजे साठ-सत्तर फुलं. तुटकीफुटकी धरून अर्धा किलो आणा. मार्केट यार्डात आदल्या पहाटे भाव बरा असतो, पण पावसात भिजलेला माल वजनाला जड आणि टिकायला कच्चा. फुलाचा देठ दाबून पाहा. पाणी सुटलं तर सोडून द्या. घरी आणल्या आणल्या पिशवीतून काढून वर्तमानपत्रावर एका थरात पसरा आणि पंखा लावा. प्लास्टिकच्या पिशवीतच फ्रिजमध्ये ठेवलेली फुलं आतल्या वाफेने काळी पडतात, तुमचं बहुधा हेच होत असावं. ओवायला दाभण आणि दुहेरी सुती दोरा घ्या. शिवणाचा दोरा देठाला करवतीसारखा कापतो. दर पाच फुलांमागे आंब्याचं एक पान आणि मधोमध भाताची लोंबी.

प्रश्न : कोजागिरीला पंधरा जण गच्चीवर येणार आहेत. गेल्या वेळी मसाला तुपकट झाला, सगळा तळाशी बसला आणि दूध फाटल्यासारखं दिसलं. नेमकं किती आणि कसं करावं? (सहकारनगर)

माणशी १५० मिलिलिटर धरलं तर सव्वादोन लिटर तयार दूध हवं. त्यासाठी तीन लिटर फुल क्रीम दूध घ्या. जाड बुडाचं पातेलं आधी पाण्याने विसळा, पुसू नका, म्हणजे दूध बुडाला लागत नाही. मध्यम आचेवर पाऊण तास, कडेची साय खरवडून आत ढकलत, अडीच लिटरच्या आसपास आणा. त्याहून जास्त आटवलंत तर मसाला पडल्यावर बासुंदी होईल.

मसाल्याला ४० बदाम, ३० बिनखारे पिस्ते, २० काजू, १२ वेलदोडे, पाव जायफळ. बदाम-पिस्ते कढईत नुसते गरम करा आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना मिक्सर लावला की तेल सुटून गोळा होतो, तुमचा मसाला तुपकट झाला तो असाच. वाटताना त्यातच दोन चमचे साखर घाला आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा. वाटण रव्याइतकं बारीक हवं, जाडं राहिलं की तळ गाठतं. दोन चमचे चारोळी अख्खी घाला, पण आधी एक दाणा चावून पाहा. चारोळी लवकर खवट होते आणि तीन लिटर दूध वाया घालवते. केशराच्या २०-२५ काड्या कोमट दुधात अर्धा तास भिजवून ठेवा.

साखर २०० ग्रॅम, दूध आटल्यावर. आधी घातली तर दूध बुडाला लागतं आणि तांबूस होतं. साखरेनंतर मसाला आणि केशर घालून दहा मिनिटं मंद उकळी द्या. वाढताना दर पेल्यामागे डाव तळापासून फिरवा.

दूध फाटण्याचं कारण बहुधा शिळं दूध ताज्यात मिसळणं. शंका असेल तर प्रत्येक पिशवीतलं अर्धी वाटी दूध वेगळं उकळून पाहा आणि मगच एकत्र करा. दह्या-ताकाचं पातेलंही नको.

वेळेचं म्हणाल तर मध्यरात्री पौर्णिमा असेल ती रात्र कोजागिरीची. यंदा पौर्णिमा २५ ला दिवसा लागते आणि २६ ला सकाळी संपते, तेव्हा दूध २५ च्या रात्रीच. नऊ वाजता दूध दाखवायची घाई करू नका. त्या वेळी चंद्र पूर्वेला असतो आणि समोरची इमारत आड येते. बाराच्या सुमाराला तो जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हाच पसरट पातेल्यात त्याचं प्रतिबिंब नीट पडतं. पातेल्यावर मलमलचं फडकं घाला, प्रतिबिंब पाहायला तेवढंच बाजूला करा. गच्चीवरच्या दिव्याला किडे येतात, म्हणून तो दिवा मालवा. दहा-पंधरा मिनिटं दूध चांदण्यात ठेवून पुन्हा उकळी द्या आणि वाढा. उरलेलं लगेच फ्रिजमध्ये. रात्रभर गच्चीवर ठेवून सकाळी पिऊ नका, या दिवसांतल्या हवेत ते टिकत नाही.

प्रश्न : आश्विनी मुलाचीच करतात का? आमची थोरली मुलगी आहे. (औंध)

ओवाळायचं ते ज्येष्ठ अपत्याला, मुलगा की मुलगी हा प्रश्न नाही. चंद्राला दूध दाखवून झालं की तिला पाटावर बसवा, कुंकू-अक्षता लावून निरांजनाने ओवाळा आणि हातात नवं काहीतरी द्या. धाकटा रुसला तर त्याला दुधाचा पहिला पेला द्या.