जुन्या लॅम्ब्रेटाचं सस्पेन्शन मुंबईत कसं सांभाळावं? कडक शॉकअप टाकावा का?

तुमचा प्रश्न असा: आजोबांची 1960च्या दशकातली लॅम्ब्रेटा एलआय 150 पुन्हा रस्त्यावर काढली आहे, खड्ड्यात मागून धाडकन आवाज येतो, हँडल थरथरतं आणि गॅरेजवाला म्हणतो मागे कडक शॉकअप टाकून घ्या. टाकावा का, आणि एरवी सस्पेन्शनची निगा कशी राखावी?

टाकू नका. हे वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा बोलले आहे की उत्तर लांबणारच.

माझे बाबा भांडुपच्या एपीआयमध्ये (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, भारतात लॅम्ब्रेटा बनवणारी कंपनी) फिटर होते. म्हणजे तुमची स्कूटर बहुधा जिथे बनली तिथेच. मूळ गाडी इटलीची, मिलानच्या इनोचेंती कंपनीची, 1947 सालापासूनची. पण तुमच्या-आमच्या घरातल्या बहुतेक लॅम्ब्रेटा भांडुपच्या एलबीएस रोडवरच्या या कारखान्यातून बाहेर पडल्या. याचा तुम्हाला एक थेट उपयोग आहे. एलआयच्या पिढ्यांना सिरीज म्हणतात. इटलीत 1960च्या दशकाच्या सुरुवातीलाच सिरीज 3 आली, भांडुपला मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं सिरीज 2च बनत राहिली. त्यामुळे आरसी बुकातलं वर्ष बघून पार्ट मागवू नका, सिरीज बघून मागवा. ऑपेरा हाउसला स्पेअर पार्टचा दुकानदार वर्ष विचारतो आणि आपण सांगतो, मग घरी आल्यावर बुश (सांध्यात बसणारी छोटी नळी) बसत नाही.

आता मुद्दा. या गाडीत इंजिन, गिअर, चेन आणि मागचं चाक हे सगळं मिळून एकच धूड आहे. ते पुढच्या टोकाला फ्रेममधून आरपार गेलेल्या एका लांब बोल्टवर टांगलेलं असतं आणि मागे एकुलता एक शॉकअप त्याला पेलतो. खड्डा आला की अख्खं इंजिन वरखाली होतं. बोल्टच्या दोन्ही बाजूंना सायलेंट ब्लॉक असतात: बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मध्ये चिकटवलेलं रबर. आतली नळी बोल्टने फ्रेमला घट्ट आवळली जाते, बाहेरची इंजिनात ठोकून बसवलेली असते, आणि हालचाल होते ती फक्त रबराच्या पिळात. शॉकअप कडक टाकलात की जो दणका त्याने गिळायचा तो या रबराला, फ्रेमला आणि तुमच्या कमरेला गिळावा लागतो.

आमच्या दादाला हे पटत नव्हतं. तो इंजिनिअर आहे, पण सिव्हिल. बाबांचे गुडघे गेल्यावर स्कूटर त्याच्या ताब्यात आली आणि त्याने ती ठाण्याच्या एका गॅरेजात दिली. तिथे नवे सायलेंट ब्लॉक, कडक शॉकअप आणि जिथे जिथे बोट जाईल तिथे ग्रीस. एक पावसाळा गेला आणि गाडी वळणावर शेपूट हलवायला लागली. दादा म्हणाला, शॉकअप अजून कडक हवा होता. मी म्हटलं, आधी उघडून तर बघू.

शनिवारी दुपारी सोसायटीच्या आवारातच उघडली. फ्रेमखाली लाकडी ठोकळे, इंजिनखाली जॅक. बाजूची पॅनेल, सायलेन्सर, केबल, सगळं निघालं, बोल्ट हलेना. मुंबईची हवा आणि त्यात पावसाचं पाणी, त्यामुळे बोल्ट आतल्या नळीला गंजून एकजीव झाला होता. आदल्या रात्रीपासून रॉकेल-डिझेल पाजलं होतं तरी ढिम्म. नट टोकावर उलटा फिरवून ठेवला, म्हणजे घणाने आटे चेपणार नाहीत, आणि मारत बसले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दोनदा गॅलरीत येऊन गेल्या. शेवटी कर्रर्र करून बोल्ट बोटभर सरकला आणि नळीतून विटकरी रंगाची भुकटी सांडली. मग पितळी सळई लावून तो पुरता बाहेर काढला. मधला भाग खड्डे पडून निम्मा खाल्लेला, दोन्ही टोकं मात्र शोरूममधून आणल्यासारखी, कारण ग्रीस तेवढ्यालाच लागलं होतं.

आणि रबर! नवं म्हणून बसवलेलं ते रबर ग्रीस पिऊन फुगलं होतं, बोटाने खरवडलं तर काळा चिखल येत होता. एका बाजूला ते आतल्या नळीपासून अर्ध्या गोलात सुटलेलं. बाबा खुर्ची टाकून बघत होते. त्यांनी एकच विचारलं, "आवळला तेव्हा चाक लटकत होतं का?" दादा म्हणाला, बोल्ट तो बोल्ट, कधीही आवळा.

कधीही नाही. चाक हवेत लटकत असताना नट आवळला तर रबर त्या स्थितीत सरळ असतं. मग गाडी जमिनीवर उतरते, माणूस बसतो, इंजिन वर येतं आणि ते रबर पिळलेल्या पंचासारखं कायमचं पिळलेलं राहतं. खड्डा त्यात आणखी पीळ घालतो. फाटणार नाही तर काय? म्हणून नट आधी नुसते बोटाने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, सीटवर कोणाला तरी बसवायचं आणि मगच आवळायचे. आमच्याकडे दादाच बसतो. वजन कामाचं आहे.

मूळ मऊ शॉकअप मी भंगारात जाऊ दिला नव्हता. तोच परत टाकला, वरखालचे रबरी बुश नवे घातले, आणि गाडी सरळ चालायला लागली. दादा आजही म्हणतो की फरक नव्या टायरमुळे पडला. त्या वेळी टायर बदललाच नव्हता, हे बिलं दाखवून झालं आहे.

तर मागच्या बाजूचा नियम: रबराला ग्रीस नाही, तेल नाही, रॉकेलचे शिंतोडेही पुसून टाका. ग्रीस फक्त बोल्टच्या अंगाला, पातळ हाताने, टोकापासून टोकापर्यंत. दर दोन-तीन पावसाळ्यांनी बोल्ट नुसता काढून परत घाला, म्हणजे घणाची वेळ येत नाही. शॉकअप गेला की नाही हे सीट दाबून सोडली की कळतं: एकदा वर येऊन थांबली तर बरा आहे, डोलत राहिली किंवा दांड्यावर तेल दिसलं तर गेला. धाडकन आवाज बहुधा शॉकअपच्या बुशचा नाहीतर सायलेंट ब्लॉकचा असतो.

पुढे उलटं. पुढे स्प्रिंगा फोर्कच्या नळ्यांच्या आत आहेत आणि चाक दोन छोट्या लिंकांवर, म्हणजे आखूड दांड्यांवर, झुलतं. त्या लिंकांचे बुश ग्रीसवरच जगतात. पावसाळ्याआधी आणि दसऱ्याच्या सुमारास उघडा, जुनं कडक झालेलं ग्रीस पुसा, नवं भरा, धूळ अडवणारी रबरं फाटली असतील तर बदला. हँडल थरथरतंय म्हणता, तर मागे कोणाला तरी दाबून धरायला लावून पुढचं चाक उचला आणि ते पुढे-मागे हलवा. खुळखुळ लिंकेपाशी असेल तर बुश, वर हँडलच्या मुळाशी असेल तर छर्रे आणि त्यांच्या वाट्या. आपल्या एलआयला पुढे डॅम्पर (स्प्रिंगचं डोलणं थांबवणारे) नव्हतेच, ते महागड्या मॉडेलांना होते. हल्ली जोडून मिळतात. लावायचे तर लावा, पण आधी बुश. ढिल्या लिंकेवर डॅम्पर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. लिंक काढताना स्प्रिंग दाबून धरायचं अवजार हवंच. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, स्प्रिंग सुटली तर दात जातील.

हे सगळं एलआय सिरीज 2 धरून लिहिलं आहे. आजोबांची गाडी त्याआधीची डी किंवा एलडी निघाली तर मागे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) आहे आणि वरचं अर्धं उत्तर रद्द. शिवाय इंजिनखाली आधार नसताना बोल्ट काढू नका, सगळं धूड पायावर येईल. आणि गाडी रोज चालवायची असेल तर 2021च्या नियमांखाली ‘व्हिंटेज’ नोंदणीच्या मागे लागू नका. त्या नोंदणीवर प्रदर्शन, रॅली वगैरेंपुरतीच रस्त्यावर काढता येते. साध्या आरसीचं नूतनीकरण करा. आरटीओत दिवस जाईल, पण गाडी चालवता येईल.